बंदूक मागणारा माणूस कसा आहे?

दादा, तू गेल्यावर घरातलं पहिलं भांडण तुझ्या बंदुकीवरूनच झालं.

तुझ्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं जेवून परतली होती. भन्तेजींना सोडायला गाडी गेली होती. वहिनी अंगणातल्या सतरंज्या झटकत होती आणि मी उरलेला भात झाकून ठेवत होते. तेवढ्यात तुझा प्रशांत माझ्यापाशी येऊन म्हणाला, "आत्या, बाबाची बंदूक माझ्या नावावर करायचीय. अर्ज तूच लिही."

वहिनीचे हात थांबले. मी म्हटलं, "आधी ती ठाण्यात जमा करू. परवाना ज्याच्या नावावर तो माणूस गेला, की हत्यार घरात ठेवता येत नाही."

"जमा कर. पण माझ्या नावावर परत आली पाहिजे. बाबाची आठवण आहे ती."

"आठवणीला काडतुसं लागत नाहीत, प्रशांत."

तो ताडकन वळला आणि गाडी काढून वराळ्याला, आपल्या भाड्याच्या फ्लॅटवर निघून गेला. आईला 'येतो' म्हणायचंही राहिलं. तू असतास तर मलाच बोलला असतास: "वकीलीणबाई, पोराला पिंजऱ्यात उभा केल्यागत बोलू नगंस." बरोबर आहे तुझं. पण आता मला आवरायला तू नाहीस, आणि बंदुकीच्या बाबतीत मी तुझ्यापुढेही कधी मवाळ बोलले नाही.

आपलं हे भांडण सुरू झालं ते टेकडीखालच्या जमिनीवरून. औंढ्याच्या पुढच्या आपल्या वाडीतली ती वतनाची जमीन. आजोबा तिथं नाचणी करायचे तेव्हा तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. लोणावळ्याचे बंगले सरकत सरकत आपल्या बांधापर्यंत आले आणि एकाएकी तिला मालक फुटले. भरदुपारी जीप आली, माणसं उतरली आणि आपल्या बांधावर सिमेंटचे खांब रोवायला लागली. तू रेल्वेची ड्युटी करून नुकताच आला होतास. कुणाशी वाद न घालता तू खांब उपटत सुटलास. ती माणसं हसत उभी होती. त्यातल्या एकानं सदरा वर केला आणि कमरेचं पिस्तूल दाखवलं. बस, एवढंच केलं.

संध्याकाळी तू तळेगावला माझ्याकडे आलास. चहा समोर निवत होता. तू म्हणालास, "त्यो कायबी बोलला न्हाई गं. नुसता सदरा वर केला. अन् माझं हात खांबावरून आपोआप सुटलं."

तुझे हात सुटल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, दादा. भर पावसात घाटातले रूळ तपासत एकटा फिरणारा माणूस तू.

"मला बी बंदूक पायजेल," तू म्हणालास.

"आपण कोर्टातून मनाई हुकूम आणू."

"आण की. पर त्यो हुकूम मी कुटं ठिवू? उशाखाली? त्येंनी सदरा वर केला की मी कागद वर करू व्हय?"

मी हुकूम आणला आणि तू परवान्याचा अर्ज केलास. डुकरं नाचणी खातात आणि जिवाला धोका आहे, अशी दोन्ही कारणं तू दिलीस, आणि दोन्ही खरी होती. मग तुझी चौकशी सुरू झाली. वाडीत घरोघर विचारणा झाली. तुला ठाण्यात बोलावलं, पुन्हा बोलावलं. तरुणपणी एका मोर्चात गेलास म्हणून झालेला खटला, ज्यातून तू केव्हाच निर्दोष सुटला होतास, तो त्यांनी उकरून काढला. अर्ज नामंजूर झाला. आणि ज्यानं सदरा वर केला होता त्याच्याकडे रीतसर परवाना होता, हेही आपल्याला त्याच सुमारास कळलं.

पुण्याला अपील मीच चालवलं. घरी तुझ्याविरुद्ध आणि पुण्यात तुझ्या बाजूनं. गाडीतून उतरताना मी तुला म्हणायचे, "बंदुकीनं काही होत नाही," आणि आत जाऊन सांगायचे की या माणसाला बंदूक का मिळाली पाहिजे. तुला त्याची भारी गंमत वाटायची. "माझी भन येका तोंडानं दोन पक्षकार चालवती," असं तू सगळ्यांना सांगत सुटायचास. मला मात्र कधीच लाज वाटली नाही. बंदूक वाईट, हे माझं मत होतं. पण एकाला न विचारता द्यायची आणि दुसऱ्याला मोर्चात गेला म्हणून नाकारायची, हे त्याहून वाईट होतं. अपील आपण जिंकलो.

बंदूक आली आणि लोखंडी कपाटात बसली. तू ती एकदाच चालवलीस, डुकरांना पांगवायला, हवेत. डुकरं पळाली. पण तुझ्या कानात अशी गुणगुण बसली, की दिवसभर वहिनी 'जेवायला चला' म्हणत होती आणि तू 'व्हय, व्हय, पाऊस येनार' म्हणत होतास. ती अजून सांगते आणि हसते. परवा तर हसता हसता रडली.

ती जीपवाली माणसं नंतर आणखी एकदा आली. तू दारात खाट टाकून बसून राहिलास आणि कपाट उघडलंच नाहीस. "मोजणीचा कागद घ्येऊन या, मग बोलू," एवढंच म्हणालास. ती गेली. मला वाटलं, आता तरी मी जिंकले. मी म्हटलं, "बघ, बंदूक न काढताच गेले की नाही? मग कशाला हवी ती?"

"ती घरात हाय म्हनून मी दारात बसू शकलो."

"मग काढली का नाहीस?"

"काढली की चालवावी लागती."

या वाक्यावर मी आजही अडते. त्यात अर्धा तू जिंकतोस, अर्धी मी.

पण आपल्या भांडणाला रक्त लागलं ते विलासमुळे. विलास आपला शेजारी. जमिनीच्या दाव्यात वाडीतलं कुणी साक्षीला उभं राहीना, तेव्हा तो एकटा उभा राहिला होता. पुढे त्यानं स्वतःची जमीन विकली, मोठी गाडी घेतली आणि पिस्तुलासाठी अर्ज केला. तो प्यायला लागला होता. बायकोला मारायचा. भिंतीला भिंत लागून असल्यामुळे तुम्हाला सगळं ऐकू यायचं. चौकशीला हवालदार आले, तुझ्या ओट्यावर बसले आणि त्यांनी विचारलं, "माणूस कसा आहे?"

तू म्हणालास, "चांगलाय. काय तक्रार न्हाई."

वाडीतल्या सगळ्यांनी तेच सांगितलं. असंच सांगायची रीत आहे आपल्याकडे. कुणाच्या वाटेत कशाला यायचं? शिवाय तुझ्यावर त्याचे उपकार होते. हवालदारांनी चहा घेतला आणि ते गेले. विलासला परवाना मिळाला. विलासच्या बायकोला कुणी काही विचारलं नाही. भिंतीपलीकडून तिनंच तर तो चहा करून पाठवला होता.

त्याच्या पुतण्याच्या हळदीला संध्याकाळी डीजे लागला होता. विलास पिस्तूल उंचावून नाचत होता. हवेत एक गोळी झाडली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरीच्या वेळी कुणाचा तरी धक्का लागला, हात खाली आला आणि बायकांच्या घोळक्यात उभी असलेली कोमल खाली बसली. वरच्या आळीतली कोमल, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आधी तिला स्वतःलाही कळलं नाही काय झालं ते. तू डोक्याचा फेटा सोडून तिच्या कोपराच्या वर आवळून बांधलास आणि तिला उचलून जीपमध्ये घातलंस. डॉक्टर म्हणाले, वेळेवर बांधलं म्हणून हात राहिला. हात राहिला, पण बोटांची पकड गेली. सलाइनची सुई धरता येत नाही तिला.

तू दवाखान्यातून परत आलास तोवर वाडीनं ठरवून टाकलं होतं: फटाका फुटला. पोलिसांपुढे एकामागून एक माणूस तेच बोलत होता. तुझी पाळी आली. मी तुझ्या शेजारी उभी होते. तू म्हणालास, "फटाका न्हाई, सायेब. विलासनं पिस्तूल झाडलं. मी समोर व्हतो. अन् आनखी लिवा. ह्या मानसाची चौकशी झाली तवा मी चांगलाय म्हनून सांगितलं व्हतं. ते खोटं व्हतं. त्यो बायकूला मारतो हे मला ठावं व्हतं."

फौजदार म्हणाले, "ते या गुन्ह्यात कशाला?"

"त्येच तर या गुन्ह्यात हाय," तू म्हणालास.

त्या दिवशी मला तुझा जेवढा अभिमान वाटला तेवढा अपील जिंकल्यावरही वाटला नव्हता. हे मी तुला बोलून दाखवलं नाही. परतताना मी नेमकं नको तेच बोलले: "आता तरी पटलं? सगळ्यांच्याच बंदुका काढून घेतल्या पाहिजेत."

तू रस्त्यातच थांबलास. "आदी त्येची काढ. मग त्या सदरा वर करनाऱ्याची काढ. मग बंगल्यावाल्यांची, फुडाऱ्यांची काढ. शेवटाला माझी काढ, मी सोता आनून दीन. पर सुरवात माझ्यापासनं करशील तर न्हाई द्यायचा."

"बंदूक बाळगणं हा काही हक्क नाही आपल्याकडे. ती परवानगी आहे."

"मान्य. बंदूक हक्क न्हाई. पर सगळ्यांची सारखी चौकशी व्हनं, ह्यो तर हक्क हाय का न्हाई? मला उकरून उकरून इचारलं. त्येला च्या पिऊन सोडलं. मला इचारलं त्येचा मला राग न्हाई, वकीलीणबाई. त्येला इचारलं न्हाई, त्येचा हाय."

  

मग तू ग्रामसभेत एक ठराव मांडलास. हत्याराच्या परवान्याची चौकशी येईल तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या घरांना विचारावं, घरातल्या बायकांना वेगळं, पुरुष नसताना विचारावं, आणि परवान्याच्या नूतनीकरणालाही हेच करावं, अशी गावानं वरती शिफारस करावी. मी तुला आधीच सांगितलं होतं, की कायद्यात याला बळ नाही, नुसती शिफारस होईल ती. तू म्हणालास, "बळ नसंना. गावाच्या तोंडात तरी यील."

लोक हसले. "बायकांना इचारून बंदूक घ्यायची व्हय? मग बाजाराला बी त्येंनाच इचारून जावा!" विलासच्या भावकीनं तुझ्याशी बोलणं सोडलं. जमिनीच्या दाव्यात विलासनं साक्ष फिरवली. ठराव बारगळला. पुढच्या ग्रामसभेत तू तो पुन्हा मांडलास, आणि पुन्हा बारगळला. तू घरी येऊन शांतपणे जेवलास आणि वहिनीला म्हणालास, "या खेपेला हसनारं कमी व्हतं."

आणि मग तू गेलास. सकाळी छातीत कळ आली, लोणावळ्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कोमलच्या खटल्यात तुझी साक्ष व्हायची होती. तूच एक होतास खरं सांगणारा. तुला जाळून आलो त्या दुपारी वाडीतला एक जण माझ्या मागे उभा राहून दुसऱ्याला हळूच म्हणाला, "आता केस ढिली पडली." मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडले असते, आणि मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

बंदूक मी आणि वहिनीनं जाऊन जमा केली. प्रशांतला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मी अर्ज करणारच आहे. चौकशीला तुझ्याकडेही येतील."

"येऊ देत. मी खरं सांगेन."

"काय सांगशील?"

"की मुलगा कष्टाळू आहे, आंबीच्या कंपनीत इमानानं काम करतो, आईला पैसे पाठवतो. आणि त्याला राग आवरत नाही. मागच्या महिन्यात कुणी गाडीला घासून गेलं म्हणून भर रस्त्यात जॅक घेऊन उतरला होता."

 तो म्हणाला, "सख्खी आत्या असून तू माझ्याविरुद्ध सांगणार?"

"तुझ्याविरुद्ध नाही. तुझ्याबद्दल. तुझ्या बापानं एकदा शेजाऱ्याबद्दल सांगायचं टाळलं आणि एका मुलीचा हात गेला. ते ओझं त्यानं मरेपर्यंत वाहिलं. मला ते नको, आणि तुला तर नकोच नको."

त्यानं फोन ठेवला. दादा, तुझ्या मुलाला मी दुखावलं. तुझं चुकलं असं मी त्याला स्पष्ट सांगितलं, तेही तू जाऊन फार दिवसही झाले नसताना. पण तू स्वतः फौजदारांपुढे हेच बोलला होतास, म्हणून मला धीर आला.

त्यानंतर मी वहिनीपाशी बसले. ती लसूण सोलत होती. मी आपली खटल्याबद्दल बोलत होते, की दादाची साक्ष आता होणार नाही, डॉक्टरांचं म्हणणं आहे, कोमल स्वतः आहे, पण गोळी कुणी झाडली ते डोळ्यांनी पाहिलेलं दुसरं कुणी उभं राहिलं पाहिजे. वहिनी मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, "मी व्हते की."

"कुठं?"

"तितंच. बायका फुडं हुत्या, गडी मागं. कोमल माझ्या खांद्याला खांदा लावून हुबी व्हती. तुझ्या दादापक्षा मला नीट दिसलं. विलासच्या हाताला धक्का कुनी दिला ते बी दिसलं."

मी थक्क झाले. "वहिनी, मग इतके दिवस...?"

"कुनी इचारलंच न्हाई. पोलीस आलं, गडी मानसांचं जबाब घ्येतलं अन् गेलं. तुझ्या दादानं सांगितलं व्हतं, म्हनून मला वाटलं, येकाचं पुरं. आता त्यो न्हाई."

दादा, तुझा ठराव तुझ्याच घरात उभा होता आणि तुलाही तो दिसला नव्हता. बायकांना वेगळं विचारा म्हणून गावाशी भांडलास आणि आपल्या बायकोला विचारायचं राहिलं. मलाही सुचलं नाही. यावर आपण दोघं केवढे हसलो असतो, आणि मग तू कसा गप्प झाला असतास, ते मला दिसतं.

मी तिला सगळं सांगितलं. विलासची भावकी येईल. उलटतपासणीत वकील वाकडेतिकडे प्रश्न विचारतील, 'नवरा गेल्यावर बरी आठवण आली' म्हणतील. तिला एकटीला याच वाडीत राहायचं आहे. ती म्हणाली, "तुझा दादा बी हितंच राहिला. मी बी राहीन."

सरकारी वकिलांना भेटले, वहिनीच्या साक्षीसाठी अर्ज झाला. काल पोलीस वहिनीचा जबाब घ्यायला घरी आले. सोबत महिला शिपाई होती. मी बोलावलं नसतानाही प्रशांत आला होता. माझ्याकडे न बघता भिंतीला टेकून उभा राहिला. ओट्यावर विलासचे दोघं भाऊबंद येऊन बसले आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले. प्रशांतच्या मानेच्या शिरा तटतटल्या. मला वाटलं, आता होतंय काहीतरी. तो बाहेर गेला. मीही मागोमाग गेले. तो त्यांच्यासमोर उभा राहिला, मुठी वळलेल्या, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, आईचा जबाब चाललाय. तो होईस्तोवर जरा पलीकडं बसा." आणखी काहीच नाही. ते त्याच्याकडे पाहत राहिले आणि उठून गेले.  परवान्याचा अर्ज तो करील की नाही, मला माहीत नाही. केलाच तर मी जे सांगणार आहे त्यात आता एका वाक्याची भर पडली आहे.

तुझ्या हट्टाचे मी आभार मानले नाहीत कधी. मानते आता. पुढच्या ग्रामसभेत ठराव मी मांडणार आहे, तुझ्याच शब्दांत. मला बंदुका नकोच आहेत, हे मत मी सोडलेलं नाही. पण जोवर त्या आहेत, तोवर पुढाऱ्याची, बंगल्यावाल्याची, रेल्वेच्या माणसाची, माझ्या भाच्याची, सगळ्यांची एकाच मापानं चौकशी झाली पाहिजे, हे तुझं म्हणणं माझंही आहे. ते हसतील. हसणारे कमी होतील तोवर मी दर वेळी मांडीन.

काल मी ओट्यावरून आत आले तेव्हा जबाब संपत आला होता. फौजदारांनी कागदावरून मान वर केली आणि जरा करड्या आवाजात विचारलं, "बाई, हे सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

वहिनीनं पदर सारखा केला. ताठ बसून, मी तिला कधी ऐकलं नव्हतं अशा मोठ्या आवाजात ती म्हणाली, "तुमी आज इचारलंत. मी आज सांगितलं. लिवा."